हातानं करायचं प्रेम: ज्यू घरातली रीत आपल्या बेळगावच्या घरात कशी आणायची

लग्नानंतरची नऊ वर्षं आम्ही ठाण्याला होतो, टेंभी नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर, आणि आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. मावशी मराठीच बोलायच्या, माझ्यापेक्षा स्वच्छ, आडनावाच्या शेवटी कर, अंगावर साडी, घरात नारळाच्या दुधातल्या कालवणाचा वास, त्यामुळं पहिले दोन महिने मला कळलंच नाही की ही ज्यू माणसं आहेत. कळलं ते एका शुक्रवारी. संध्याकाळी विरजण मागायला वाटी घेऊन गेले, दार उघडंच होतं, टेबलावर दोन दिवे लावलेले, आणि त्यांचा चाळिशीचा मुलगा, लोकलमधनं नुकताच उतरून आलेला, घामानं पाठीला शर्ट चिकटलेला, आईसमोर मान खाली घालून उभा होता. मावशी टाचा उचलून त्याच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या. अर्धा मिनिट असेल. मी वाटी धरून तशीच उंबऱ्यात.

नंतर विचारलं तर म्हणाल्या, "दर शुक्रवारी ठेवते. भांडण झालेलं असलं तरी ठेवते. भांडण झालेलं असलं की जरा जास्त वेळ ठेवते."

आता सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, आजारपणामुळं आम्ही बेळगावात वडगावला परत आलोय आणि गेली चार वर्षं मावशींकडनं शिकलेलं इथं करायलोय. शहापूरच्या दोघी-तिघी मैत्रिणींनी नेमकं काय करतेस, कसं करतेस असं विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, ह्यात धर्म बदलायचं काही नाही. ज्यू लोक आमच्यात या म्हणत कुणाच्या दारी जात नाहीत, आणि आपणही त्यांच्या प्रार्थना, दाराच्या चौकटीवर लावायची ती मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, वगैरे उचलून आणू नये, ते त्यांचं आहे. घ्यायची ती फक्त रीत.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं नाटक वाटेल. आपल्याकडं प्रेम आधी मनात यायला पाहिजे आणि मग ते हातातनं दिसायला पाहिजे असं आपण धरतो. त्यांच्याकडं उलट आहे. ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ शेमा नावाची प्रार्थना म्हणतो, त्यातली पहिली ओळ देव एक आहे ही, आणि त्याच्या लगेच पुढं "व-अहावता", म्हणजे तू प्रीती कर. कशानं, तर पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं आणि पूर्ण "मेओद"नं. हा तिसरा शब्द म्हणजे बळ, पण जुन्या रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, त्याचा अर्थ सांगितला तो पैसाअडका. म्हणजे प्रेम करायचं तर पाकिटासकट करायचं.

मी मावशींना विचारलं होतं, प्रेम कर असा हुकूम कसा सोडता येतो हो, ते काय आपल्या हातात असतं? तर त्यांनी आपलं धर्मपुस्तक काढलं आणि त्यातल्या लेवीय ह्या भागाचा १९ वा अध्याय माझ्यासमोर ठेवला. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे प्रसिद्ध वाक्य तिथलं, १८ व्या ओवीतलं. पण त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाच म्हणाल्या. शेत कापताना कडेचा भाग कापू नको, गरिबाला आणि परक्याला ठेव. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडं ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नको. चहाड्या करत फिरू नको. भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, काय असेल ते तोंडावर सांग. हे सगळं झाल्यावर मग प्रीती कर. म्हणजे आधी कामांची यादी, आणि ती कामं केली की जे उरतं त्याचं नाव प्रेम. रब्बी अकिवा म्हणायचे की तोराचं, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथाचं, हेच सगळ्यात मोठं सूत्र आहे. त्यांच्याही आधी हिल्लेल नावाच्या गुरूंकडं एक जण आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा राहतो तेवढ्या वेळात मला सगळी तोरा शिकवा. हिल्लेल म्हणाले, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नको, बाकीचा सगळा त्याचा खुलासा, जा आणि शीक.

अजून एक, खास आपल्यासारख्या बघून-ठरवून लग्न झालेल्यांसाठी. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचं लग्न आहे, तिथं क्रम असा आहे की त्यानं रिबकेला आईच्या तंबूत आणलं, ती त्याची बायको झाली, आणि त्यानं तिच्यावर प्रेम केलं. प्रेम शेवटी आलंय. विसाव्या शतकात रब्बी एलियाहू देसलर म्हणून होऊन गेले, त्यांनी तर स्पष्टच मांडलं की ज्याच्यावर प्रेम असतं त्याला आपण देतो हे अर्धंच खरं, ज्याला देतो त्याच्यावर प्रेम बसतं. मला हे सासरी आल्यावर सहा महिन्यांनी कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच रडारड वाचली असती.

आता शुक्रवार. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळायच्या जरा आधी लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की सुटतो. पूर्ण एक दिवस काम बंद. आमच्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना शनिवार तेली म्हणायचे ते ह्याचमुळं, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. आपल्याला अख्खा दिवस जमणार नाही, मलाही जमत नाही, मी फक्त शुक्रवारची संध्याकाळ धरलीय, सातपासून साडेनऊपर्यंत. तुम्ही दुसरा वार घ्या, पण एकदा घेतला की बदलू नका, ह्यात सगळी जादू वार न बदलण्यातच आहे.

करायचं एवढंच. सगळ्यांचे फोन एका डब्यात, आमच्याकडं पितळेचा जुना डबा आहे, झाकण लावून फ्रीजवर. देवापुढं दिवा रोजच्यासारखा. जेवायला सगळे एकत्र, टीव्ही बंद, आणि त्या दिवशी ताटात एक तरी गोष्ट जरा बरी पाहिजे, रोजची आमटी-भातच असली तरी कुंद्याचा एक-एक चमचा वाढा. त्यांच्यात त्या रात्री नवरा बायकोसाठी गाणं म्हणतो, त्यांच्या धर्मपुस्तकातल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातलं, सद्गुणी स्त्रीची किंमत माणकांहून जास्त असं. आमच्या ह्यांना गाणं काही जमायचं नाही, म्हणून आम्ही असं ठरवलं की ह्या आठवड्यात तू अमुक केलंस ते मी बघितलं, असं एक वाक्य प्रत्येकानं प्रत्येकाला म्हणायचं. "छान आहेस" असलं मोघम चालत नाही. "बुधवारी पाऊस होता तरी तू मामांची औषधं आणलीस" असं पाहिजे.

मग मुलांच्या डोक्यावर हात. ते लोक मुलाला म्हणतात, देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखा करो, मुलीला म्हणतात सारा, रिबका, राहेल, लेआसारखी. एफ्राइम-मनश्शे का, तर हे दोन भाऊ एकमेकांशी भांडले नाहीत म्हणून, असं एक कारण सांगतात. आपण आपल्या भाषेत काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी फक्त "सुखाची राहा, धीराची हो" म्हणते. महत्त्वाचं हे की मार्क, वागणूक, कालचं भांडण ह्यातलं काही त्या वेळी काढायचं नाही. त्यांच्या पूर्वजांच्या सुभाषितांत एक वचन आहे, कशावर तरी टेकलेलं प्रेम ती गोष्ट गेली की जातं, कशावरच न टेकलेलं प्रेम जात नाही. तेव्हा गणितात पस्तीस पडलेल्या शुक्रवारी हात ठेवायलाच पाहिजे. आमची मुलगी आठवीत होती. पहिल्या शुक्रवारी अंग आखडून उभी राहिली, दुसऱ्या शुक्रवारीही तसंच, तिसऱ्या वेळी मी भांडी घासायच्या नादात विसरले तर कंपास पेटी हातात तशीच धरून माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि काही न बोलता मान खाली केली. माझे हात साबणानं भरलेले. मग कोपरच तिच्या डोक्याला लावलं.

आजाऱ्याला भेटायला जाणं. हे जरा सविस्तर सांगते कारण इथं आपण फार चुकतो. सासरे, म्हणजे आमचे मामा, दोन महिने दवाखान्यात होते, आणि भेटायला येणाऱ्या माणसांचा आम्हाला आजारापेक्षा जास्त त्रास झाला. सकाळी सकाळी यायचे, रात्री यायचे, पलंगाच्या उशाशी उभं राहून "आमच्या चुलत्यांना पण असंच झालेलं, पंधरा दिवसांत आटपलं की ओ" म्हणायचे, अमका डॉक्टर बरा नव्हे म्हणायचे, चहा पिऊन जायचे. मनानं वाईट कुणी नव्हतं. आजाऱ्याकडं जाऊन करायचं काय हे कुणी शिकवलेलंच नाही.

ज्यू लोकांत ह्याला बिकुर होलीम म्हणतात आणि त्याचे नियमच आहेत. ताल्मुदात, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, म्हटलंय की भेटायला गेलेला माणूस आजाराचा साठावा भाग घेऊन जातो. मग साठ जण पाठवले की रोगी उठून बसेल काय, असं लगेच तिथंच विचारलंय, आणि उत्तर असं की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो. तिथंच रब्बी अकिवांची गोष्ट आहे. एक शिष्य आजारी पडला, कुणी बघायला गेलं नाही, अकिवा गेले. ते आले म्हणून त्या घरात झाडून काढलं, जमिनीवर पाणी शिंपडलं, आणि तो शिष्य बरा झाला. म्हणाला, गुरुजी तुम्ही मला जगवलंत. आता बघा, त्या गोष्टीत औषध नाही, नवस नाही, झाडलोट आहे आणि सडा आहे.

तर असं करा. दिवसाच्या सुरुवातीला आणि अगदी शेवटी जाऊ नका, त्यांचाही नियम हाच आहे, पहिले तीन तास आणि शेवटचे तीन तास टाळा. जाण्याआधी फोन करून विचारा, येऊ काय आणि येताना काय आणू. पलंगाच्या उशाशी उभं राहू नका, खुर्ची ओढून रोग्याच्या नजरेच्या पातळीला बसा. दहा मिनिटं बस्स. दुसऱ्या कुणाच्या आजाराची गोष्ट काढायची नाही, बरी झालेली सुद्धा काढायची नाही. आणि उठायच्या आधी हातानं एक काम करून निघा, पाण्याची बाटली भरून ठेवा, डबा विसळून ठेवा, फाईलमधले कागद तारखेप्रमाणं लावून द्या. जो माणूस रात्र-दिवस तिथं बसलाय त्याला म्हणा, मी बसतो तासभर, तू घरी जाऊन अंघोळ करून ये. मामांच्या वेळी हे एकाच माणसानं केलं, ह्यांचा शाळेतला मित्र, खानापूरहून बसनं यायचा, गुरुवारी, बोलायचा जवळजवळ काही नाही, फक्त मामांची नखं कापून द्यायचा. त्या माणसासाठी मी आज काहीही करीन.

त्यांच्यात दानापेक्षा ह्या असल्या कामाला, गेमिलुत हसादीम म्हणतात त्याला, मोठं मानलंय. कारणं तीन दिलीत: दान पैशानं होतं, हे अंगानं आणि पैशानं दोन्हीनं होतं. दान गरिबाला, हे गरीब-श्रीमंत दोघांना. दान जिवंताला, हे मेलेल्यालाही. मेलेल्या माणसासाठी केलेल्या कामाला तर खरी माया म्हणतात, कारण तो परत काही देऊ शकत नाही.

मामा गेले त्याच्यानंतरचं सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर रायचूरकडनं नोकरीसाठी आलेलं एक कानडी कुटुंब भाड्यानं राहतं. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं काय, मोटर बंद करा, एवढंच, तेही खुणांनी. खरं सांगायचं तर मी मुद्दामच जवळ गेले नव्हते, आपल्या भागात ते मनात असतंयच. मामा गेले त्या दुपारी घर माणसांनी भरलेलं, जो तो काहीतरी समजूत घालायला लागलेला, वय झालंच होतं, सुटले, असं. वरच्या त्या कुटुंबातल्या अक्का खाली आल्या, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या, आणि दोन तास एक शब्द बोलल्या नाहीत. मराठी येत नव्हतं म्हणून असेल. मी रडले तेव्हा पाठीवर हात ठेवला, थांबले तेव्हा काढला. संध्याकाळी भात आणि सारू भरलेलं पातेलं, वर झाकण, झाकणावर लोणच्याची वाटी, आणि स्वतः वाढून मुलांना जेवायला बसवलं.

ज्यू लोकांत मरणानंतर सात दिवस शिवा पाळतात आणि नियम बरोब्बर हाच आहे. भेटायला गेलेल्यानं आपण होऊन बोलायचं नाही, दुःखातला माणूस बोलेल तेव्हा बोलायचं, तो गप्प असेल तर गप्प बसायचं. पहिलं जेवण घरातल्या अन्नाचं नाही, शेजाऱ्यांनी आणलेलं, त्यात उकडलेलं अंडं किंवा मसूर, गोल वस्तू. आपल्याकडंही सुतकात शेजारचं पिठलं-भाकरी येतंच की, ही रीत आपली आहेच, फक्त गप्प बसायचं आपण विसरलोय. तर पुढच्या वेळी असल्या घरी गेलात की समजूत घालू नका. बसा. जेवणाचं बघा.

ह्यानंतर मी तो लेवीय १९ पुन्हा वाचला. त्यातच पुढं ३४ वी ओवी आहे, तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती कर, कारण तुम्हीही मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, परके होता. शेजाऱ्याबद्दल एकदा सांगितलंय, पण ताल्मुद म्हणतं की परक्याला त्रास देऊ नका हे तोरात ३६ वेळा आलंय, कुणी म्हणतं ४६. आणि कारण बऱ्याच ठिकाणी तेच, आठव, तू कुणीतरी होतास तिथं.

सीमाप्रश्नावर मला इथं काही म्हणायचं नाही, १९५६ पासून घराघरात जे सोसलंय ते ज्याचं त्याला माहीत, माझं स्वतःचं मत आहे आणि ते बदललेलं नाही. पण रायचूरहून बदली होऊन आलेल्या माणसानं ती सीमा आखलेली नाही, आणि आमच्या माडीवर तोच परका आहे. मावशींचे लोक कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातनं सात जोडपी वाचली अशी आपली गोष्ट सांगतात, कोकणानं त्यांना राहू दिलं, ते मराठी झाले. मग त्यांच्यातले कितीतरी इस्राएलला गेले, तर तिथं ह्यांचं ज्यूपण खरं काय अशी शंका घेतली, त्यासाठी आंदोलन करावं लागलं, १९६४ ला तो वाद मिटला. मावशींच्या नणंदेनं तिथं ते सोसलेलं, पण मायबोली नावाचं मराठी नियतकालिक तिथंही निघालं हे सांगताना मावशींचा आवाज बदलायचा. जे लोक दोनदा परके झाले त्यांच्याकडनं हे शिकावं.

कसं करायचं, तर दहा वाक्यं शिका, जास्त नको. मी "ऊटा आतेन्री?" पासून सुरू केलं, जेवण झालं काय. अक्कांनी "बसा की" शिकलं, आता त्या माझ्यापेक्षा जास्त म्हणतात. सणाला पहिलं ताट वर पाठवायचं, आपल्या भाऊबंदांच्या आधी. मुलांना त्यांच्या बोलण्याची नक्कल करू द्यायची नाही, घरात दार लावून सुद्धा नाही.

शत्रूचं अजून अवघड. निर्गम नावाच्या त्यांच्या पुस्तकात आहे, तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला मदत कर. रब्बींनी ह्याच्यावर पुढं विचारलं, मित्राच्या गाढवाचं ओझं उतरवायचं आहे आणि शत्रूच्या गाढवावर चढवायचं आहे, आधी कुठं जायचं? शत्रूकडं, आपल्या मनाला वाकवायला. आमचं बांधावरनं चुलत घराशी बोलणं बंद होतं. गेल्या भाताच्या कापणीला त्यांचा ट्रॅक्टर चिखलात रुतला तेव्हा ह्यांनी आपला नेला, साखळी लावली, ओढून काढला, एक शब्द न बोलता परत आले. बोलणं अजून सुरू नाही. पण ह्या दिवाळीला त्यांचा मुलगा फराळाचा डबा ठेवून गेला. चूक आपली असली तर मात्र गप्प ट्रॅक्टर नेऊन भागत नाही, योम किप्पुरचा, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुद्धा माणसाशी केलेली चूक धूत नाही, ज्याला दुखावलं त्याच्याकडं स्वतः जावं लागतं, तीनदा तरी.

शेतीवाल्यांना दोन गोष्टी आणि थांबते. कापणीला आलेल्या बायकांचा पगार त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, सुट्टे नाहीत म्हणायचं नाही, सुट्टे आदल्या दिवशी आणून ठेवा. आणि शेताची कड. मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या नियमांच्या ग्रंथात, किमान माप दिलंय, साठावा भाग. आमच्या बासमतीच्या तुकड्यात साठ पोती निघत नाहीत, पण जेवढी निघतात त्या हिशोबानं आम्ही पायली मोजून वेगळं ठेवतो, आणि घेणाऱ्यानं येऊन मागायची वाट बघत नाही. रांबाम म्हणजे रब्बी मोशे बेन मैमोन ह्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, सगळ्यात खालची कुरकुरत दिलेली, सगळ्यात वरची म्हणजे समोरच्याला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन परत मागायची वेळच न आणणं. गेल्या वर्षी ते धान्य विकून एका बाईला शिलाई मशीनची दुरुस्ती करून दिली, ती आता ब्लाऊज शिवते, मी पैसे देऊन शिवून घेते.

ह्या शुक्रवारी सुरू करायचं असेल तर गुरुवारी रात्री मूठभर काळे मनुके धुऊन दोन पेले पाण्यात भिजत घाला. बेने इस्राएल घरांत शब्बाथला हेच सरबत करतात. सकाळी मनुके हातानं चांगले कुस्करा, पातळ फडक्यातनं पिळून गाळा, साखर घालायची गरज नाही. चौघांना छोटा छोटा पेला होतो. पाचवा पेला झाकून माडीवर.